पहिलीला घालण्याआधी : बेळगावकडच्या पालकांसाठी

जानेवारी संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला कुठं घालायचं? मराठीत, कानडीत की इंग्लिश मीडियमला? घरात, गल्लीत, लग्नाच्या पंगतीत यावर महिना-दोन महिने खल चालतो. पोराला स्वतःचा डबा उघडता येतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्गात जी रडारड होते, तिच्यामागं बहुतेक वेळा डब्याचं झाकण असतं, चड्डीचा हुक असतो, नाहीतर "बाईंना सांगायचं कसं" हा प्रश्न असतो.

अक्षरं, अंक, एबीसीडी शिकवायला शाळा बसलेली आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी घातली आहे. त्यामुळं "शंभरपर्यंत येत नाही, आता घेणार नाहीत" ही भीती डोक्यातून काढा. घरानं करायची तयारी वेगळी आहे. ती फेब्रुवारीपासून हळूहळू केली तर कुणाला जड जात नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदम करायला गेलात तर आई आणि पोर दोघंही रडतात.

आधी वयाचं बघू, कारण सीमाभागात त्यातच मोठा घोळ होतो. कर्नाटकात पहिलीला १ जून रोजी सहा वर्षं पूर्ण हवीत, असा आदेश २०२२ साली निघाला. तो २०२५-२६ पासून लागू व्हायचा होता, पण त्या वर्षापुरती सूट देऊन ५ वर्षं ५ महिने पूर्ण झालेल्यांनाही घेतलं गेलं. महाराष्ट्रात हेच वय ३१ डिसेंबरला मोजतात. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं मूल चंदगडला मामाकडं असेल तर त्याच वर्षी पहिलीत बसतं, आणि इकडं कडक नियम लावला तर पुढच्या वर्षी. चंदगडचा मामेभाऊ गेला म्हणून आपलंही जाईल, हे गृहीत धरू नका. त्या वर्षीचा नियम शाळेत किंवा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात विचारून घ्या.

आणि मूल थांबलं तर थांबू दे. सहा वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा भाग. साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं एकाच बाकावर बसलं की लहानगं "कच्चं" ठरतं. ते कच्चं नसतं, लहान असतं. पण शिक्का बसला की तो चौथीपर्यंत निघत नाही.

शाळा सुरू होण्याचा दिवसही वेगळा. कर्नाटकातल्या शाळा मेच्या अखेरीस नाहीतर जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. कोल्हापूरकडच्या पाहुण्यांच्या घरचं लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात असलं की इकडच्या पोराचे पहिले आठ-दहा दिवस बुडतात. नेमक्या त्याच दिवसांत जागा ठरतात, जोड्या जमतात, संडास कुठं, पाणी कुठं हे दाखवून होतं. उशिरा आलेलं पोर महिनाभर पाहुण्यासारखं वावरतं. लग्नाला आई-बाबांपैकी एकानं जावं.

पुस्तकांचंही तसंच. गडहिंग्लजच्या मावसभावाची जुनी पुस्तकं उन्हाळ्यात घोकून घेऊ नका. इकडच्या मराठी शाळांना कर्नाटक सरकारनं छापलेली पुस्तकं लागतात, बालभारतीची नव्हे. धडे वेगळे, क्रम वेगळा.

डबा, ताट, बाटली

घरात डबा आई उघडून देते, त्यामुळं पोराला तो उघडता येत नाही हे लक्षातच येत नाही. तपासायला सोपं आहे. शाळेत नेणार तोच डबा, शाळेत देणार तीच भाजी भरून, पोराला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. वीस मिनिटांनी या. बहुतेक पोरं झाकणाशी झटतात, मग डबा छातीशी धरून ओढतात, झाकण एकदम निघतं आणि भाजी अंगावर. रबरी रिंग असलेले घट्ट डबे सहा वर्षांच्या बोटांना झेपत नाहीत. दोन बाजूंना क्लिपा असलेला, कमी उंचीचा, एका खणाचा स्टीलचा डबा बरा. क्लिप नवी असताना ताठ असते. आठवडाभर रोज वीसेक वेळा उघड-मीट करून ती सैल करा, आणि पोराला अंगठ्याच्या टोकानं नव्हे तर पेरानं क्लिप वर ढकलायला शिकवा. रिंग असलीच तर तिला तेलाचं बोट लावा.

पोळी अख्खी घडी करून दिली तर पोर ती हातात धरून बसतं. चार तुकडे करा, किंवा भाजी आत घालून गुंडाळी करा. पहिल्या महिन्यात रस्सा नको. भाकरी पोराला कितीही आवडत असली तरी डब्यात तीन तासांनी वातड होते आणि चावायला वेळ लागतो. सुट्टी अर्ध्या तासाची असली तरी रांग, हात धुणं आणि भांडण वजा जाता खायला पंधरा मिनिटंच उरतात. बाटली अर्ध्या लिटरची पुरे. लिटरची बाटली पोराला दोन्ही हातांनीही वाकवता येत नाही, मग गळा भिजतो आणि दिवसभर ओल्या शर्टात बसावं लागतं.

सरकारी शाळेत दुपारचं जेवण मिळतं, त्याची तयारी वेगळी. तिथं रांगेत मांडी घालून बसायचं, ताटात गरम भात आणि सांबार येणार, हातानं कालवून खायचं, मग आपलं ताट आपण विसळायचं. चमच्यानं जेवायची सवय लागलेल्या पोराचा गरम सांबारानं हात भाजतो, मग ते जेवतच नाही. एप्रिलपासून आठवड्यातून तीनदा तरी घरी असंच वाढा. आधी भात कडेला ओढून निववायचा, मग कालवायचा, हे दाखवावं लागतं, आपोआप येत नाही. शाळेत दूधही मिळतं, पावडरचं, गरम, साधारण १५० मिली. घरी चहा पिणाऱ्या पोरांना त्याचा वास सहन होत नाही आणि पहिल्याच दिवशी एखादं ओकतं. घरी आधी पाव कप, मग अर्धा, असं करत चव ओळखीची करून ठेवा. अंडं आणि केळ यांतलं काय घेणार, हे पोराला स्वतः सांगता आलं पाहिजे. माळकरी घरांतल्या पोरांना तर हे पक्कं पाठ हवं. वाढणाऱ्या बाईंना प्रत्येकाच्या गळ्यातली माळ दिसत नाही.

एकीला जाऊ?

यावर लोक लाजून बोलत नाहीत. पण पहिलीतल्या पोराचं सगळ्यात मोठं संकट हेच.

चार गोष्टी स्वतंत्र शिकवाव्या लागतात : वेळेवर सांगणं, कपडे सोडणं, उकिडवं बसणं, धुऊन परत कपडे घालणं. घरी कमोड असेल तर तिसरी गोष्ट अडते. भारतीय भांड्यावर पोराला तोल सांभाळता येत नाही, ते भिंतीला धरतं, पाय घसरतो. त्यासाठी अंगणात रोज दोन-तीन मिनिटं टाचा टेकवून उकिडवं बसायचा खेळ खेळा. चिंचोके वेचा, रांगोळीचे ठिपके काढा, काहीही करा. धुण्यासाठी डाव्या हाताला किती मागं जायचं, मगमधलं पाणी कसं ओतायचं, हे मार्च-एप्रिलमध्येच सुरू करा. त्याला सहा-आठ आठवडे लागतात. शाळेत फ्लश नसेल, बादली असेल. भरलेली बादली पोर उचलू शकत नाही, मगनं चार वेळा पाणी टाकायचं हे सांगून ठेवा.

कपड्यांत हुक आणि घट्ट बटण हे शत्रू. युनिफॉर्मच्या चड्डीला हुक असेल तर तो काढून इलॅस्टिक घाला. शिंप्याला दहा मिनिटांचं काम आहे. चेन असेल तर तिच्या टोकाला दोऱ्याचा छोटा फास बांधा, बोट अडकवून ओढता येतं. मुलींच्या पिनोफ्रॉकचा पट्टा मागं बांधायचा असेल तर तो पोरीला सोडता येत नाही. पुढं बक्कल करून घ्या.

हे जमलं नाही की पोर साधा उपाय काढतं : पाणीच पीत नाही. दिवसभर दाबून धरतं आणि घरी आल्या आल्या दप्तरासकट संडासाकडं पळतं. हे सलग दिसलं तर समजा की शाळेत जातच नाही. पुढं लघवीला जळजळ, पोट साफ न होणं, मग पोटदुखी आणि मग "मला शाळेला जायचं नाही". शेवटचं वाक्य ऐकून आपण शिस्तीकडं वळतो, आणि मूळ हुकातच राहतं.

कानडी कानानं, मराठी हातानं

माध्यमाचा खल आम्ही इथं वाढवत नाही. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, सरकारला प्राथमिक शाळांवर माध्यम लादता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय असावी, असं घटनेचं ३५० अ कलम सांगतं. आमचं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं घरच्या भाषेत जावीत. पण कुठंही घातलं तरी कानडी टळत नाही. २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा आहे. मराठी शाळेतही ती आहेच, इंग्लिश मीडियममध्येही.

चूक होते ती इथं. पालक घाबरतात आणि उन्हाळ्यात अआइई, एबीसीडी आणि कानडी मुळाक्षरं अशी तीन वह्यांची शिकवणी लावतात. सहा वर्षांच्या पोराला तीन लिप्या एकदम दिल्या की एकही बसत नाही. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर रेघ, कानडीत बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आकडीसारखं तलकट्टु, इंग्रजीत दोन्ही नाही. हाताला कुठून सुरू करायचं तेच कळत नाही.

लिपी एकच धरा, शाळेचं माध्यम असेल ती. बाकीच्या भाषा कानानं जाऊ द्या. कानडी शाळेत घालणार असाल तरी घाई नको. सरकारी कानडी शाळांतल्या नली-कली, म्हणजे खेळत-खेळत शिकायच्या पद्धतीत कानडी अक्षरं अ-आ-इ-ई या क्रमानं येतच नाहीत, र ग स द अ आणि मग ज व म ब न अशा गटांनी येतात. घरी सगळी वर्णमाला क्रमानं घोकून घेतली तर वर्गात तिचा फारसा उपयोग होत नाही.

कानानं म्हणजे काय? वर्गात रोज वापरात येणारी वीसेक वाक्यं. इल्लि बा म्हणजे इकडं ये. कुळितुको म्हणजे बस, आणि बाई बेळगाव-धारवाडकडच्या असतील तर त्या कुंद्रु म्हणतील. सालागि निल्लु, रांगेत उभा राहा. पुस्तक तेगि, बरि, ओदु : पुस्तक काढ, लिही, वाच. बेकु, बेडा, साकु : पाहिजे, नको, पुरे. नीरु बेकु. होट्टे नोवु, पोट दुखतंय. ओंदक्के आणि एरडक्के, म्हणजे आपली एकी आणि दुकी. नन्न हेसरु म्हणून आपलं नाव सांगणं. हे सगळं मेमध्ये दुकानात, बसमध्ये, शेजारच्या अज्जीकडं रोज एक-दोन करत होतं. कागदावर लिहून पाठ करून घेऊ नका, कामात वापरा. शेजारी कानडी घर असेल तर पोराला रोज काहीतरी मागायला तिकडं पाठवा, याहून चांगली शिकवणी नाही.

काही शब्द फसवतात, ते आधी सांगून ठेवावेत. बाई केळु म्हणाल्या तर ऐक म्हणताहेत, केळं देत नाहीत. ऊट माडु म्हणाल्या की जेव. आपलं पोर तेवढ्यावर ऊठ समजून ताटावरून उभं राहतं, मग बाई रागावतात आणि कुणाचंच चुकलेलं नसतं. कानडीत ए आणि ओ आखूडही असतात आणि लांबही. आखूड ओ म्हटला तर कोडु म्हणजे दे, लांब ओढला तर शिंग. मराठी कानाला हा फरक ऐकून-ऐकूनच कळतो, वहीत कितीही गिरवला तरी नाही.

आणि घरची मराठी बंद करू नका. इंग्लिश मीडियममध्ये घातलं म्हणून घरात "ईट कर", "वॉश कर" सुरू होतं, त्यानं पोराला धड एकही भाषा मिळत नाही. रोज रात्री दहा मिनिटं मराठीत गोष्ट सांगा, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट त्याला सांगायला लावा. सुरुवात, मध्य, शेवट क्रमानं सांगता आला तर ते पोर कुठल्याही भाषेत वाचायला शिकेल. शब्द टाळ्यांनी तोडायचा खेळ खेळा : बे-ळ-गा-व, चार टाळ्या. मग पहिला आवाज ओळखा, मग शेवटचा. वाचन इथून सुरू होतं, तक्त्यावरच्या अननसातून नव्हे. वडगाव-शहापूरकडं मागाचा खडखडाट चालू असलेल्या घरांत पोरं ओरडून बोलतात आणि हळू आवाजातलं निसटून जातं. तिथं गोष्टीची वेळ माग बंद असतानाची ठेवा.

आकड्यांतही भाषेची मेख आहे. पंचवीस म्हणताना मराठीत पाच आधी येतात, वीस नंतर. कानडीत इप्पत्तैदु, म्हणजे वीस आधी, पाच नंतर. इंग्रजीतही तसंच. तीन भाषांत शंभरपर्यंत घोकलेलं पोर पंचवीस ऐकून ५२ लिहितं आणि सगळ्यांना वाटतं याचं डोकंच उलटं. डोकं ठीक असतं. घरी वीसच्या पुढं जाऊच नका. दहापर्यंत वस्तू मोजता आल्या पाहिजेत, म्हणजे एका वस्तूवर एकच बोट आणि एकच आकडा. सात चिंचोके मांडा, पसरवा, पुन्हा विचारा किती. पोर परत एकपासून मोजायला लागलं तर अजून पक्कं नाही. पाच चिंचोके दाखवून मुठीत दोन लपवा : बाहेर तीन, आत किती? हे जूनपर्यंत जमलं तर गणिताची तयारी झाली.

हात

चिंच फोडायचा, कुरडया-सांडगे घालायचा हंगाम नेमका प्रवेशाच्या आधी येतो, हे बरंच आहे. लिहिण्यासाठी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांत जोर लागतो. तो गिरवून येत नाही, कामं करून येतो. चिंचेतून चिंचोके काढणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, पापडाच्या लाट्या करणं, लसूण सोलणं, ओला रुमाल पिळणं, कपड्यांना चिमटे लावणं. रोज पंधरा-वीस मिनिटं यातलं काहीतरी हाताखाली द्या. घरात दोन-तीन वर्षांचं धाकटं असेल तर चिंचोके मोजून द्या आणि मोजून परत घ्या. नाकात गेलेला चिंचोका काढायला डॉक्टर गाठावा लागतो.

पेन्सिल अख्खी देऊ नका. अर्धी तोडून सात-आठ सेंटिमीटरची द्या, तीन कडांची मिळाली तर उत्तम. लांब पेन्सिल पोर मुठीत धरतं, आखूड तुकडा मुठीत मावतच नाही, बोटं आपोआप चिमटीत येतात. खडूचा इंचभर तुकडाही तेच काम करतो. आधी भिंतीवर किंवा उभ्या फळ्यावर, खांद्याएवढ्या उंचीवर मोठ्या रेघा काढू द्या : उभी, आडवी, तिरपी, अर्धगोल, गोल. मनगट त्यानंच घडतं. मग पाटी, आणि वही सगळ्यात शेवटी. चार रेघांची वही मार्चमध्ये हातात देणारे घाई करतात. तिथं ओळीतून बाहेर गेलं की ओरडा बसतो आणि पोर लिहायला नको म्हणतं. स्वतःचं नाव वाचता आलं आणि वेडंवाकडं का होईना लिहिता आलं, तेवढं पुरे.

डावरं पोर असेल तर हात बदलू नका. जेवणाच्या हाताचा आग्रह घरातली मोठी माणसं धरतात, तो ताटापुरता ठेवा. पेन्सिल डाव्याच हातात. कागद उजवीकडं कलता ठेवायचा आणि बाकावर डाव्या टोकाला बसवायला बाईंना सांगायचं, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी दिवसभर टक्कर.

आणि पाटीवरची पेन्सिल खाणारं पोर. याला मार देऊन उपयोग नाही. माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटण्यामागं बरेचदा अंगात रक्त कमी असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. त्याच फेरीत पाच-सहा वर्षांचा डीपीटी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर झाला का बघा आणि डोळे-कान दाखवा.

कागदपत्रांत एकच सांगतो, कारण ते पुढं दहावीला छळतं. नावाचं स्पेलिंग. ज्ञानेश्वर, प्रज्ञा, ज्ञानदा अशी नावं मराठी माणूस इंग्रजीत डी-एन-वाय नं लिहितो, कानडी कारकून जे-एन नं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं. शाळेच्या रजिस्टरला नाव चढण्याआधी दोन्ही एक करून घ्या, नंतर बदलायला चपला झिजतात. पाच वर्षांआधी काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. ते पाच ते सात या वयात फुकट घालून मिळतात.

झोप, पाऊस, पहिला दिवस

पोर रात्री अकराला झोपत असेल तर ते नऊवर आणायचं आहे. एकदम होत नाही. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडं ओढा, म्हणजे चोवीस-पंचवीस दिवस लागतात. मे महिना लग्नांचा आणि जत्रांचा, मध्ये मोडणारच. म्हणून एप्रिलच्या अखेरीस सुरू करा आणि शाळेआधीचे दहा दिवस तरी पाहुणे-रावळे टाळा. अंगणवाडीत दुपारी डुलकी चालायची, पहिलीत चालत नाही. ती आधीच बंद केली नाही तर तीनच्या तासाला पोर बाकावर डोकं टेकतं.

शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत पाऊस. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर तो दिवसचे दिवस थांबत नाही. छत्री या वयात वाऱ्यापुढं टिकत नाही. दप्तरासकट झाकणारा, पुढं बटणं असलेला, एक माप मोठा रेनकोट घ्या आणि तो ओला असताना काढून खुंटीला लावायची सवय घरी करा. कॅनव्हासचे बूट सप्टेंबरपर्यंत ठेवून द्या. एकदा भिजले की दोन दिवस वाळत नाहीत आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मागं पट्टा असलेली प्लॅस्टिकची सँडल बरी. वाटेत ओढा असेल तर कुठल्या दगडाला पाणी लागलं की परत फिरायचं, हे मोठ्यांनी आधीच ठरवून दाखवावं. दप्तरात एक जादा चड्डी आणि नॅपकिन प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा. रिकाम्या दप्तराचंच वजन बघून घ्या. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी सगळं मिळून १.६ ते २.२ किलो ही मर्यादा आहे, आणि दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असंही त्यात आहे. कार्टूनचं चाकवालं दप्तर रिकामंच किलोभर भरतं.

"थांब, शाळेत गेलास की बाई बदडतील" हे वाक्य फेब्रुवारीपासून बंद. घरातल्या प्रत्येकाला सांगा, आज्जी-आजोबांनाही. पोर त्यावर विश्वास ठेवतं. मेमध्ये शाळेत एक-दोन चकरा मारा, गेट, वर्ग, संडास, नळ दाखवा. मराठी शाळेत बाई-गुरुजी, इंग्लिश मीडियमला मिस-सर, जे असेल ते तोंडात बसू द्या.

पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात निरोप एक मिनिटात आटोपा. "जेवण झालं, मग एक तास खेळलास, की मी गेटवर" असं घटनांत सांगा, त्याला घड्याळ कळत नाही. सांगून जा, नजर चुकवून पळू नका. पळालात तर दुसऱ्या दिवशी ते तुमचा पदर सोडणार नाही. खिडकीत उभं राहायचं नाही. रडणं बहुतेकांचं दहा-पंधरा दिवसांत थांबतं. सोमवारी आणि सुट्टीनंतर परत येतं, ते चालायचंच. घरी आल्यावर "काय शिकवलं?" विचारलं तर "काही नाही" हेच उत्तर मिळणार. "कुणाशेजारी बसलास? डबा कुणाबरोबर खाल्लास?" असं विचारा.

गणपतीपर्यंत थांबून बघा. तोवर रोजचा डबा जवळजवळ भरलेला परत येत असेल, घरी बडबडं पोर शाळेत एक शब्दही बोलत नसेल, किंवा बाईंनी मागून हाक मारली की वळून बघत नसेल, तर "नवीन आहे, होईल" म्हणून पुढं ढकलू नका. बाईंना वर्गाबाहेर पाच मिनिटं मागा आणि नेमकं विचारा : कुणाशी खेळतं, पाणी पितं का, पुढच्या बाकावर बसवलं तर फरक पडतो का. पुढं बसवून सुधारलं तर डोळे नाहीतर कान. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा येतं, त्याची वाट न बघता बेळगावच्या सरकारी बिम्स हॉस्पिटलमध्ये कानाची तपासणी करून घ्या. सर्दीनं कानात पाणी साठलेली पोरं पावसाळ्यात पुष्कळ असतात, आणि औषधपाण्यानंतर त्यांतली बरीच नीट ऐकायला लागतात.